पिंपल्ससाठी 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल खाताय? आधी हे वाचा

वाशी : टोमॅटोची गाडी घेऊन एपीएमसी मार्केटला गेलो होतो. पहाटे भाजीपाला मार्केटात क्रेट खाली होईपर्यंत चहा घेत उभा राहिलो, तर शेजारच्या गाडीवरच्या पोराचे ओठ फुटून रक्त आलेलं. थंडीचे दिवस नव्हते. विचारलं तर म्हणाला, "तोंडावर पिंपल्स होते, मेडिकलमधून अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेतल्या. रोज एक, दोन महिने झाले." पाकिटावर ५० हजार युनिट लिहिलेलं. समोर गाजराच्या गोण्या उतरत होत्या. तिकडं बोट करून म्हणतो, "गाजरातपण हेच असतं ना काका?"

घोळ इथंच होतो. गाजर, पालक, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा यांत तयार अ जीवनसत्त्व नसतं, बीटा कॅरोटीन असतं. त्यातून शरीर गरजेपुरतंच बनवून घेतं. गाजरं अतीच खाल्ली तर तळहात पिवळे दिसतील, एवढंच. कॅप्सूलमध्ये मात्र तयार माल असतो. तो पाण्यात नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे जादा झालेलं लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १००० मायक्रोग्रॅम आणि बाईला ८४० मायक्रोग्रॅम पुरतं. वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० हजार युनिट. त्या पोराची एक कॅप्सूल याच्या पाचपट.

आता कुणी म्हणेल, अंगणवाडीत बाळाला दोन लाखांचा डोस देतात, मग आम्हाला ५० हजारांनी काय होणार? तो डोस रातांधळेपणा आणि कुपोषणासाठी असतो आणि सहा महिन्यांतून एकदाच मिळतो. नवव्या महिन्यात १ लाख, पुढं पाच वर्षांपर्यंत २ लाखांचे आठ, असे सगळे मिळून १७ लाख युनिट. रोज ५० हजार खाणारा तेवढे ३४ दिवसांत संपवतो.

सुरुवातीला ओठ फुटतात, कातडी कोरडी पडून सोलते, केस गळतात. मग डोकेदुखी, मळमळ, हाडं-सांधे दुखणं, आणि पुढं यकृताला इजा. पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिनसुद्धा देतात. ती आणि ही कॅप्सूल एकत्र घेतली तर मेंदूभोवतीचा दाब वाढून नजर अंधुक होऊ शकते. म्हणून आधीची कुठलीही गोळी डॉक्टरपासून लपवू नका.

हा उपाय कुणी हवेतून काढलेला नाही. १९४३ साली एका अमेरिकन डॉक्टरनं पिंपल्सच्या रुग्णांना रोज १ लाख युनिट देऊन फरक पडल्याचं लिहिलं होतं. पण गुण यायला लागणारा डोस आणि विषबाधेचा डोस जवळजवळच. पुढं याच जीवनसत्त्वापासून आयसोट्रेटिनॉइन हे औषध निघालं, १९८२ ला अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. हट्टी पिंपल्सवर ते चालतं, पण डॉक्टर यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या करूनच देतात. त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल अजिबात घ्यायची नसते.

आपल्या भागात खरी भीती वेगळीच आहे. मुलीचं लग्न ठरलं की चेहरा साफ व्हावा म्हणून घरचेच गोळ्या आणून देतात. लग्न झालं की दोन-तीन महिन्यांत दिवस जातात. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात व्यंग येऊ शकतं. औषध बंद केल्यावरही किमान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नसतात. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसचाही गर्भाला धोका आहे. सासरी जाताना पर्समध्ये हे पाकीट असेल तर मुलीनं डॉक्टरला सांगावंच, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

साध्या पिंपल्सला बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापेलीनचं जेल पुष्कळदा पुरतं, मात्र गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. अ‍ॅडापेलीनही गरोदरपणात लावत नाहीत. गोरं करणारी स्टेरॉइडची ट्यूब तर नकोच, तिनं पिंपल्स उलट वाढतात.

त्या पोराला कॅप्सूल आजच बंद कर आणि सरकारी दवाखान्यात दाखव, एवढं सांगितलं. कुणाच्या घरी असं चालू असेल तर जाताना रिकामं पाकीट सोबत न्या. किती युनिट आणि किती दिवस, हे डॉक्टर पहिलं विचारतात.