माझं नाव काय? : कॅशियस क्ले ते मुहम्मद अली

आजच्या भागात बॉक्सिंग आहे, पण खरी मारामारी एका नावावरून आहे.

२५ फेब्रुवारी १९६४. अमेरिकेतलं मायामी बीच. २२ वर्षांचा कॅशियस क्ले हेवीवेट चॅम्पियन सनी लिस्टनसमोर उभा होता. पोरगा हरणार हे जवळजवळ सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. पण सातव्या राउंडची घंटा झाली आणि लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्ले जगज्जेता झाला.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्याने आपला धर्म उघड केला. तो 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेत होता. गोऱ्यांपासून वेगळं राहून स्वतःच्या पायावर उभं राहा, असं ही संघटना सांगायची. तिच्या काही शिकवणी मुख्य प्रवाहातल्या इस्लामपेक्षा बऱ्याच वेगळ्या होत्या, हेही लक्षात ठेवा.

आधी काही दिवस तो 'कॅशियस एक्स' होता. एक्स का? आपण गणितात अज्ञात संख्येला एक्स म्हणतो ना, तसंच. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांची मूळ नावं पुसली गेली आणि पुढे अनेकांना मालकाचंच आडनाव चिकटलं. मूळ आडनाव माहीत नाही, म्हणून एक्स. मग ६ मार्चला संघटनेचे प्रमुख एलायजा मुहम्मद यांनी त्याला 'मुहम्मद अली' हे नाव दिलं.

गंमत बघा, कॅशियस मार्सेलस क्ले हे नाव मूळचं एका गोऱ्या माणसाचं. १९व्या शतकातला हा केंटकीचा राजकारणी गुलामगिरीच्या विरोधात लढला होता. म्हणजे तसं चांगल्या माणसाचं नाव. पण अलीच्या लेखी ते गुलामीचंच नाव होतं, कारण ते त्याने स्वतः निवडलेलं नव्हतं.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. क्लेला या वाटेवर साथ देणारा जवळचा मित्र होता माल्कम एक्स. त्याचं तेव्हा एलायजा मुहम्मद यांच्याशी फाटलं होतं. अलीला नाव मिळालं ६ मार्चला आणि माल्कमने संघटना सोडल्याचं जाहीर केलं ८ मार्चला. अलीने एलायजांची बाजू घेतली. मे महिन्यात घानामध्ये दोघं समोरासमोर आले, तेव्हा त्याने माल्कमकडे पाठ फिरवली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माल्कमची हत्या झाली. पुढे आयुष्यात अलीने या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला, पण तो ऐकायला माल्कम नव्हता. नवं नाव स्वातंत्र्याचं होतं खरं, पण त्याची किंमतही होती.

बरं, नाव बदललं म्हणून लोकांनी ते लगेच वापरलं का? छे! वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं 'क्ले'च छापत राहिली. फ्लॉइड पॅटरसन त्याला मुद्दाम क्ले म्हणायचा. नोव्हेंबर १९६५ मध्ये अलीने त्याला बाराव्या राउंडपर्यंत झोडपलं. मग आला अर्नी टेरेल. तोही क्ले म्हणाला. ६ फेब्रुवारी १९६७, ह्यूस्टन. अली ठोसे मारतोय आणि विचारतोय, "माझं नाव काय?" लढत पंधरा राउंड चालली. ती लढत बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. त्यात क्रूरपणा होता, आणि तेव्हाही त्यावर टीका झाली.

त्याच वर्षी २८ एप्रिलला, पुन्हा ह्यूस्टनमध्येच, सैन्यभरतीसाठी नाव पुकारलं गेलं: कॅशियस क्ले. तो पुढे आला नाही. धर्माचा दाखला देऊन त्याने व्हिएतनाम युद्धाला नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, पण साडेतीन वर्षं रिंग बंद. तीही ऐन पंचविशीतली. शेवटी २८ जून १९७१ रोजी सुप्रीम कोर्टाने ८-० ने त्याची शिक्षा रद्द केली. आणि खटल्याचं नाव? 'क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स'!

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या कामात नाव म्हणजे फॉर्ममधला एक रकाना, एडिट करा, सेव्ह करा, झालं. माणसांचं तसं होत नाही. नाव आपण बदलतो, पण ते चालतं समोरच्याच्या तोंडात. समोरचा ते उच्चारायला नकार देतो तेव्हा तो खरं तर सांगत असतो, तू कोण हे मी ठरवणार. अली सात वर्षं याच्याशीच भांडत होता.

१९७५ मध्ये एलायजा मुहम्मद गेले. त्यानंतर त्यांचे पुत्र वॉलेस यांच्यामागून अली सुन्नी इस्लामकडे वळला. ज्यांनी नाव दिलं त्यांची शिकवण मागे राहिली, नाव मात्र राहिलं.

कधी हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम'चे फोटो पाहिलेत तर एक बघा. तिथले सगळे तारे फुटपाथवर आहेत. अलीचा भिंतीवर आहे. पैगंबरांचं नाव कुणाच्या पायाखाली येऊ नये, हा त्याचा आग्रह होता. या वेळी मात्र लोकांनी ऐकलं.

तुमच्या ओळखीत कुणी नाव बदललं असेल, तर त्यांना नव्या नावाने हाक मारून बघा. भेटू पुढच्या भागात!