दोन सिद्धान्तांची सांगड

सामान्य सापेक्षता ग्रहताऱ्यांचा हिशेब सांगते, पुंजसिद्धान्त अणूंचा. मग दोघांनी आपापल्या घरी सुखाने का नांदू नये? लेनिनग्राडच्या मात्वेय ब्रॉन्स्टाइन या तरुणाने १९३६ साली याचे उत्तर दिले. गुरुत्वक्षेत्र मोजताना मापनाचाच धक्का मोजपट्टीला बसतो, हे पुंजसिद्धान्ताचे सांगणे. तो जाणवू नये म्हणून ती जड हवी. परंतु इवल्याशा जागेत वस्तुमान वाढवीत गेल्यास, सापेक्षतेनुसार, तेथून प्रकाशही बाहेर पडत नाही. मग मापन कसले? अवकाश आणि काल यांच्या रूढ कल्पनाच कदाचित सोडाव्या लागतील, असे त्याने बजावले. श्रोतेहो, फेब्रुवारी १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळी घातली. वय अवघे ३१! त्याने दाखविलेली अडचण अद्याप सुटलेली नाही.