विदर्भाच्या राजकन्या

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धेच्या कांठानें वर वर गेलें, म्हणजे अमरावती जिल्ह्यांत कौंडिण्यपूर लागतें. रुक्मिणीचें माहेर तें हेंच, अशी परंपरा आहे. असें असतां मुलीनें राजकन्येची गोष्ट मागितली, कीं आपण शंभर वर्षें निजलेल्या परदेशी सुंदरीकडे वळतों, हें नवल होय.

रुक्मिणी स्वस्थ बसून वाट पाहणारी नव्हे. भाऊ रुक्मी यानें शिशुपालाशीं विवाह ठरविला, तेव्हां तिनें ब्राह्मणाहातीं श्रीकृष्णास निरोप धाडला. देवीच्या दर्शनास नगराबाहेर येईन, तेथून मला न्यावें, ही योजनाही तिचीच, असें भागवताचा दशम स्कंध सांगतो. विदर्भाचीच दमयंती, हरवलेल्या नळास आणण्याकरितां दुसऱ्या स्वयंवराची हूल तिनें उठविली. आपल्या घरगुती कथनांत मात्र हरण आणि लग्न उरतें, बुद्धि गळून पडते.

तेराव्या शतकांत हीच रुक्मिणीकथा महदंबेनें रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगीं धवळ्यांतून गाइली. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिला मानतों, तिला आपली वाणी एका राजकन्येच्या कथेंत सांपडली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पुराणाबाहेर पाहूं गेल्यास प्रभावतीगुप्ता भेटते. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटक नृपति दुसरा रुद्रसेन याची राणी. पतिनिधनानंतर युवराज दिवाकरसेन अल्पवयी असल्यामुळें तिनें राज्य चालविलें. पुण्यास सांपडलेला तिचा ताम्रपट या कारभाराच्या 13 व्या वर्षाचा आहे. तिचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरचाच. दानपत्रांत ती माहेरच्या गुप्तांची वंशावळ देते व आपलें गोत्र पित्याचें, धारण, असें सांगते.

कोणी म्हणेल, रुक्मिणीचें स्वातंत्र्य वर निवडण्यापुरतेंच होतें, आणि प्रभावतीची सत्ता पुत्राच्या नांवें होती. आक्षेप खरा आहे. तो मुलींपासून लपवूं नये. उलट, इतक्या अरुंद जागेंतही या स्त्रियांनीं काय काय केलें, तेंच सांगावें. “मग ती स्वतःच्या नांवानें राणी कां झाली नाहीं?” असें एखादीनें विचारलें, तर गोष्ट वाया गेली असें समजूं नये, इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.