कणगीची राखण आणि पाळण्याची राखण



ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांचा जन्म आपल्या निफाडचा, १८४२ चा. अशा थोर परंपरेच्या व्यासपीठावरून मांजरावर बोलायचे म्हणजे काहींना थट्टा वाटेल. परंतु मोठमोठ्या राजांचा इतिहास आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. आपल्याच चुलीपाशी अंग चोरून बसणाऱ्या या प्राण्याचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. आणि ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घराला हा इतिहास ठाऊक असणे फार अगत्याचे आहे.

मांजर माणसाकडे प्रेमापोटी आलेले नाही, ते उंदरांमागे आले. पश्चिम आशियात माणसाने धान्य पेरले, साठवले, त्या साठ्यावर उंदीर आले, आणि उंदरांच्या वासाने रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये ते जगापुढे ठेवले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे कोणीतरी ते होडीतून नेले असले पाहिजे. गाय, बैल, कुत्रा यांना माणसाने वळण लावले. मांजराशी मात्र त्याने नुसता करार केला. तू कणगी राख, मी तुला उंबऱ्याच्या आत येऊ देतो, एवढाच तो करार. त्यात पोराबाळांनी शेपटी ओढलेली सोसावी, असे कलम कधीच नव्हते!

आपल्या देशात हा करार राजसत्तेनेही मान्य केला होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात उंदरांच्या उपद्रवावर उपाय सांगितला आहे: मांजरे आणि मुंगुसे सोडावीत. जो त्यांना धरील वा मारील त्यास बारा पण दंड. मौज अशी की, जो आपले कुत्रे आवरणार नाही त्यासही तोच दंड सांगितला आहे. म्हणजे उपयोगी प्राण्याला अभय आणि बेपर्वा धन्याला शिक्षा, हे दोन्ही विचार एकाच ठिकाणी आले आहेत. आज आपण ज्याला प्राणी पाळणाऱ्याची जबाबदारी म्हणतो, ती काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे.

लोकमानसाने तर मांजर आणि मूल यांची गाठ फार पूर्वीच बांधली. आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री सटवाई येऊन ललाटलेख लिहिते असे मानतात. हीच षष्ठीदेवी बंगालात मांजरावर बसून येते. तिथल्या व्रतकथेत एक सून स्वतः चोरून खाते आणि आळ घरच्या मांजरावर घालते. ते मांजर मग तिची बाळे उचलून देवीपाशी नेते. सून चूक कबूल करते तेव्हाच तिला मुले परत मिळतात. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी उरते ते फार मोलाचे आहे. मांजरावर अन्याय केला की त्याचे फळ पाळण्यातल्या बाळाला भोगावे लागते, हे आपल्या आजीबाईंनी पुरते ओळखले होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता घाट चढून वर पसरला. १८९९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात भगूरला सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत त्याला बळी पडले. गावेच्या गावे घरे सोडून शेतातल्या झोपड्यांत राहिली. १८९८ साली सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले की, उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते. मात्र ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांच्या डोक्यात आपल्या जुन्या कराराची आठवण जागी झाली. ज्या खेड्यांत घरागणिक मांजरे अधिक, तिथे प्लेग कमी, असे त्यांचे निरीक्षण होते, आणि १९०८ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. वऱ्हाडातले मांजर असे वैद्यकाच्या इतिहासात जाऊन बसले. अर्थात हा उपाय पुरा नव्हता, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यामुळे माणसालाही होऊ शकतो. मित्र झाला तरी त्याच्यापासून किती अंतर राखावे, हे कळावे लागते.

मग बदलले काय? श्रोतेहो, बदललो आपण. जुन्या घरात कणगी होती, बळद होते, पेव होते. मांजराला रात्रभर काम होते आणि दिवसा माळ्यावर निजायला निवांत जागा होती. आज पिंपळगावचा शेतकरी द्राक्षे, टोमॅटो, कांदा पिकवतो. माल बाजार समितीच्या आवारात जातो, घरात येतो तो फक्त पैसा. वाडे जाऊन स्लॅबची घरे झाली. मांजराची नोकरी गेली, पण ते घर सोडून गेले नाही. रिकामे बसलेले ते जनावर आता पोरांचे खेळणे झाले. दुःखाचे मूळ इथे आहे.

दोन वर्षांचे मूल मांजराला मिठी मारते, शेपूट धरते, जेवताना त्याच्या ताटलीत हात घालते. मांजर आधी सांगून पाहते. शेपटी आपटते, कान मागे पाडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करते, गुरगुरते. मोठ्या माणसाला हे कळते, मुलाला ही भाषा येत नाही. मग पंजा बसतो. आणि मुलाचे तोंड मांजराच्या उंचीवर असल्याने तो गालावर किंवा डोळ्याजवळ बसतो. व्यालेली मांजरी तर विशेष सांभाळावी. मांजरी पिलांना सात घरे फिरवते म्हणतात; त्या दिवसांत मूल तिच्या मागे माळ्यावर जाऊ देऊ नये. पिलू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला सरावले तर पुढे सौम्य राहते, आणि आईपासून फार लवकर तोडले तर खेळता खेळता चावण्याचे प्रमाण त्याला उमगत नाही, असे अभ्यासकांनी पाहिले आहे. आपल्या बोटांशी झोंबायला शिकवलेले पिलू मोठेपणी बाळाच्या बोटांना सोडत नाही. तो दोष पिलाचा नव्हे, शिकवणाऱ्याचा.

“मांजराने तर ओरबाडले, त्यात काय!” असे म्हणून हळद दाबणाऱ्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे. मांजराचे दात सुईसारखे. वरून भोक बारीक दिसते, विष आत खोल जाते आणि जखम चिघळते. त्याहून भयंकर म्हणजे रेबीज. तो मुख्यतः कुत्र्यापासून होत असला तरी मांजरापासूनही होतो, आणि एकदा लक्षणे दिसली की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. १८८५ साली पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, तेव्हा कुठे माणसाच्या हातात शस्त्र आले. आपल्या देशात १९०० मध्ये कसौलीला संस्था निघाली. पोराला घेऊन आगगाडीने तेवढ्या दूर जाणे कोणाला परवडत होते? पुढे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस गावोगाव आली. पोटातल्या त्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने कित्येकांनी चावा लपवला. ती लस या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बंद झाली. आजची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. मोजक्याच सुया आणि त्रास थोडा. भीतीचे कारण गेले, भीती मात्र घरात राहिली आहे.

म्हणून जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, डॉक्टर सांगतील ती लस पुरी करा. आणि आपल्याकडची एक जुनी रीत कृपा करून सोडा. मुलाला ओरबाडले की मांजर पोत्यात घालून शिवेपलीकडे सोडून यायचे, ही ती रीत. त्या मांजराला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवले, तर ते रोगी आहे की नाही हे कळते. ते हाकलणारा बाप आपल्या मुलाच्या रोगाचा एकमेव साक्षीदारच घालवून बसतो. शिवाय जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याचा पहिला दंड १० ते ५० रुपये. कौटिल्याचे बारा पण त्या मानाने जड वाटतात.

मांजर पाळणाऱ्याने त्याला लस टोचावी, बोका असो वा मांजरी, वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंच जागा त्याला द्यावी, आणि मुलाला व मांजराला एकटे सोडू नये. मुलाला शिकवावे की, जेवताना, झोपेत आणि पिलांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही. मांजराला मारून हे होत नाही. मार खाल्लेले मांजर अधिकच भिते आणि भ्यालेले मांजरच पंजा मारते.

पंचतंत्रातल्या त्या ब्राह्मणीला मुंगसाच्या तोंडाचे रक्त दिसले आणि तिने त्याला ठार केले. पाळण्यापाशी मेलेला साप तिला नंतर दिसला. घाईचा तो पश्चात्ताप आपल्या वाट्याला येऊ नये. हजारो वर्षे मांजराने आपली कणगी राखली. पाळणा राखणे हे त्याचे काम नव्हते आणि आजही नाही. ते काम घरातल्या मोठ्या माणसांचे आहे.