योबेलाचे वर्ष आणि शेजाऱ्याचे दुकान

ज्युबिली हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानात राहत नाही. हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग, अथवा त्या शिंगाचे केलेले वाद्य. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा विधी सांगितला आहे. त्या वर्षी हे शिंग फुंकावे, दारिद्र्यामुळे विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी, आणि पोटासाठी ज्याने स्वतःस विकले असेल त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे, असा तो विधी होय. भाऊ दरिद्री झाला तर त्यास हात द्यावा व त्याच्याकडून व्याज घेऊ नये, अशीही आज्ञा त्याच अध्यायात आहे. तात्पर्य, ज्युबिली हा पताका आणि तोरणे यांचा उत्सव होण्यापूर्वी जमाखर्चाचा उत्सव होता.

या स्मरणिकेत आपल्या मंदिराच्या बांधणीचा इतिहास इतरांनी लिहिला आहे. कोणी चिरे वाहिले, कोणी घंटा दिली, कोणत्या वर्षी वेदी घडली, हे सर्व वाचकांस त्या लेखांत सापडेल. आम्ही मात्र दुसऱ्या एका चोपडीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या ख्रिस्ती समाजाने एकत्र येऊन दगडांचे मंदिर उभारले, त्याने एकत्र येऊन आपल्या माणसाचा धंदा उभारला काय, हा त्या चोपडीतील प्रश्न होय.

ही कल्पना आपल्या लोकांस अगदीच परकी नव्हे. जर्मनीत राइफायझेन नावाच्या एका गावप्रमुखाने १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतपेढी काढली. तिचे तत्त्व साधे होते. गरिबाजवळ तारण नसते हे खरे, परंतु त्याची सचोटी त्याच्या शेजाऱ्यांस ठाऊक असते. सबब शेजाऱ्यांनी एकमेकांस जामीन राहावे. हे तत्त्व हिंदुस्थानात आले आणि १९०४ साली येथे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पुढे १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. आपल्या वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक लोकांची जी पतपेढी निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. सावकाराच्या दारी केळीची बाग गहाण टाकण्याचे दिवस ज्यांनी आपल्या वाडवडिलांच्या तोंडून ऐकले आहेत, त्यांस या संस्थेचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु गरजेच्या वेळी कर्ज देणे ही एक गोष्ट आणि नव्या माणसास धंद्यात पाय रोवून उभे करणे ही दुसरी गोष्ट. पहिलीस पैसा पुरतो. दुसरीस सारा गाव लागतो. गाव लागतो म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर एका दूरदेशीच्या धर्मग्रामाची हकीकत सांगितली पाहिजे. एका सहायक धर्मगुरूच्या हातून ती घडली म्हणून आम्हांस ती विशेष जिव्हाळ्याची वाटते.

स्पेन देशाच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील मोंद्रागोन या छोट्या गावी १९४१ च्या फेब्रुवारीत होझे मारिया आरिझमेंदियारिएता नावाचे पंचवीस वर्षांचे धर्मगुरू नेमणुकीवर आले. बालपणीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. १९३६ ते १९३९ या काळातील यादवी युद्धात त्यांनी पराभूत पक्षाच्या वृत्तपत्रात काम केले होते व त्यापायी तुरुंगही पाहिला होता. बेल्जममधील लूव्हेन येथे जाऊन समाजशास्त्राचा अभ्यास करावा अशी त्यांची इच्छा होती. बिशपमहाराजांनी त्यांस मोंद्रागोनला पाठविले. उत्तम वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. त्यांची प्रवचने कंटाळवाणी होत असे त्यांचेच लोक म्हणत. आमच्यासारख्यांस हे वाचून थोडा धीर येतो!

युद्धाने गावात दारिद्र्य आणले होते. गावात एक मोठा कारखाना होता व त्याने उमेदवारांसाठी एक शाळाही चालविली होती. परंतु तीत प्रवेश मुख्यतः कामगारांच्या मुलांस आणि तोही मोजक्यांस मिळे. ही शाळा सर्वांस खुली करावी अशी नव्या फादरांनी विनंती केली. ती अमान्य झाली. तेव्हा ते गावाकडे वळले. आपल्या मुलांसाठी आपणच शाळा काढली तर कोण काय देईल, असे त्यांनी घरोघर विचारले. कोणी पैसा कबूल केला, कोणी अंगमेहनत कबूल केली. आणि ज्यांनी दिले त्यांस शाळेच्या कारभारात मतही मिळाले. १९४३ च्या ऑक्टोबरात वीस विद्यार्थ्यांवर ही उद्योगशाळा सुरू झाली.

शाळेतील हुशार मुलांस विद्यापीठात पाठविण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता. फादरांनी सारागोसाच्या विद्यापीठाशी व्यवस्था लावून दिली. मुलांनी दिवसा कारखान्यात राबावे, रात्री अभ्यास करावा व परीक्षेपुरते तेथे जावे. अशा रीतीने अकरा तरुण १९५२ साली इंजिनिअर झाले. पुढे त्यांच्यापैकी काहींच्या ध्यानात आले की ज्या कारखान्यात आपण नोकरी करतो तेथे मजुरास मालकीत व कारभारात वाटा मिळण्याची आशा नाही. मग १९५५ साली पाच जणांनी स्वतःचा धंदा काढण्याचे ठरविले. उसातोरे, लारान्यागा, गोरोन्योगोइतिया, ओर्माएचेआ आणि ओर्तुबाय ही त्यांची नावे. त्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या कारखान्याचे नाव 'उल्गोर' पडले.

वाचकहो, आता या हकीकतीतील जी गोष्ट आम्हांस सर्वांत थोर वाटते ती सांगतो. या पाच जणांनी गावाकडे पैसा मागितला तेव्हा कोणता माल काढावयाचा हेदेखील त्यांचे निश्चित झालेले नव्हते. तारण म्हणून दाखविण्यास त्यांच्याजवळ काही नव्हते. तरी गावच्या सुमारे शंभर माणसांनी मिळून त्यांस एक कोटी दहा लाख पेसेटांच्या आसपास रक्कम उभी करून दिली. त्या काळच्या स्पेनमध्ये ही रक्कम लहान नव्हे. ही माणसे भांडवलदार नव्हती. ती त्या पाच जणांस शाळेपासून ओळखत होती आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या फादरांस चौदा वर्षे पाहत आली होती. राइफायझेनने सांगितलेली शेजाऱ्यांची जामीनकी ती हीच. त्या पैशातून विटोरिया शहरातील एक लहानसा परवानाधारक कारखाना विकत घेतला गेला. १९५६ साली मोंद्रागोनात इमारत उभी राहिली, आणि तेथे रॉकेलच्या शेगड्या तयार होऊ लागल्या.

त्यानंतर फादरांनी सहकारी बचत-पेढीची कल्पना काढली. गोरगरिबांनी शिलकीचे चार पैसे दूरच्या शहरातील बँकेत ठेवावे, त्या बँकेने ते तेथल्या श्रीमंतांस द्यावे, आणि गावच्या मुलांनी मात्र नोकरीसाठी परगावी जावे, हा उफराटा व्यवहार त्यांच्या मनास बोचत होता. उल्गोरच्या संस्थापकांस ही कल्पना पटली नाही. आपण कारखानदार, बँकेतले आपणांस काय कळते, असे त्यांचे म्हणणे. तरीही १९५९ साली 'काखा लाबोराल' ही पेढी निघाली. 'पासबुक, नाही तर पेटी' अशा अर्थाचे घोषवाक्य तिने लोकांपुढे ठेवले. गावातच ठेवी ठेवा, नाही तर बोचके बांधून गाव सोडण्याची तयारी करा, असा त्याचा आशय.

या पेढीने केवळ कर्ज दिले नाही. नवा धंदा काढू पाहणाऱ्या मंडळींनी प्रथम एकत्र यावे व आपल्यातून एक पुढारी निवडावा असा तिचा नेम होता. पेढी त्यांच्यासोबत एक जाणता माणूस देई. तो बाजाराची चौकशी करी, हिशेब तपाशी, आणि धंदा सुरू झाल्यावरही पाठ सोडीत नसे. या माणसास तेथे 'धर्मपिता' म्हणत. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या वतीने उभा राहणारा, आणि ते मोठे होईतो त्याची जबाबदारी वाहणारा, तोच हा शब्द. आपल्या धर्मविधीतील शब्द तेथे धंद्यात इतका चपखल बसला, यात आम्हांस नवल वाटत नाही.

संस्थेचे नियमही साधे होते. भाग कितीही असोत, एका सभासदास एकच मत. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या कामाच्या मोबदल्यात प्रारंभी तिपटीहून अधिक अंतर नाही. नव्या सभासदाने भागभांडवल घालावे आणि नफ्याचा मोठा हिस्सा संस्थेतच राहावा. विवाहित स्त्रियांस त्या काळी नोकरी सोडून घरी बसावे लागे. त्यांच्यासाठी १९६९ साली 'आउझो लागुन' ही निराळी सहकारी संस्था निघाली. फादरांनी स्वतः या संस्थांत अधिकाराचे पद कधीच घेतले नाही. सायकलवरून हिंडणारे हे धर्मगुरू २९ नोव्हेंबर १९७६ रोजी देवाघरी गेले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांस 'आदरणीय' ही पदवी देण्यास संमती दिली.

ही हकीकत केवळ यशाची म्हणून सांगितली तर ती अपुरी होईल. १९७४ साली कामाच्या प्रतवारीवरून उल्गोरमध्ये संप झाला आणि संपाच्या पुढाऱ्यांस संस्थेतून काढले गेले. बंधुभावाने उभारलेल्या घरातही भाऊबंदकी शिरू शकते हे त्यावरून दिसले. २०१३ साली त्याच उल्गोरपासून वाढलेला फागोर हा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना दिवाळ्यात निघाला. ज्यांनी विश्वासाने त्यात बचत गुंतविली होती अशा अनेक सामान्य कुटुंबांचे नुकसान झाले. बंधुभाव हा हिशेबाऐवजी चालत नाही. मात्र कारखाना बुडाल्यावर त्याचे बहुतेक सभासद वाऱ्यावर सोडले गेले नाहीत. इतर सहकारी संस्थांनी त्यांस आपल्यात सामावून घेतले, अथवा मुदतीपूर्वी निवृत्तीची सोय लावून दिली. आज त्या समूहात ऐंशीच्या आसपास सहकारी संस्था व सुमारे सत्तर हजार कामकरी माणसे आहेत.

आता आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, अन्य एका धर्मग्रामात असताना, एक तरुण सुतार आमच्याकडे आला. हात कुशल, घर गरीब. त्यास स्वतःचा कारखाना टाकावयाचा होता, आणि दोन जामीनदार मिळवून देण्यासाठी आम्ही शब्द टाकावा एवढीच त्याची मागणी होती. धंदा बुडाला तर लोक धर्मगुरूस बोल लावतील, अशी भीती आमच्या मनात आली. "बाबा, नोकरी बघ, त्यात सुख आहे," असा उपदेश करून आम्ही त्याची बोळवण केली. त्याने भारी व्याजाने बाहेरून पैसा उचलला. कामे मिळाली ती आपल्याच लोकांची. परंतु आपलाच मुलगा म्हणून कोणी पैसे वेळेवर देईना. दोन वर्षांत यंत्रे विकली गेली आणि तो आखातात नोकरीस गेला. त्याच्या वडिलांच्या दफनविधीस तो येऊ शकला नाही. त्या दिवशी कबरीपाशी उभे असताना आमच्या उपदेशातील सुख आम्हांस कळले.

त्या सुताराची हकीकत आणि मोंद्रागोनची हकीकत शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ध्यानात येते की आपल्यात पैशाची वाण नव्हती. वाण होती ती तीन गोष्टींची: जामीन राहणाऱ्या शेजाऱ्यांची, सोबत चालणाऱ्या धर्मपित्याची, आणि उधारी वेळेवर चुकविणाऱ्या गिऱ्हाइकांची. यांतील तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु आपल्या वाड्यांवरील किती किराणा दुकाने, किती शिवणयंत्रे, किती रंगकाम करणारी मुले परक्यांच्या स्पर्धेने बुडाली आणि किती आपल्याच चोपडीतील उधारीने बुडाली, याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करावा. परक्याच्या दुकानी रोख मोजणारा हात शेजाऱ्याच्या दुकानी आखडतो, ही गोष्ट पापनिवेदनात आम्ही क्वचितच ऐकतो.

महोत्सवाच्या निधीतून सर्व खर्च भागून काही रक्कम शिल्लक राहील असे खजिनदारांचे म्हणणे आहे. त्या रकमेतून मंदिराच्या दर्शनी भागास नवा सज्जा करावा अशी एक सूचना आहे. ती वाईट नाही. तथापि त्याच रकमेचा एक छोटा जामीन-निधी करावा, पतपेढीत कर्ज मागणाऱ्या होतकरू तरुण-तरुणींच्या पाठीशी तो ठेवावा, आणि व्यापार-उद्योगात मुरलेल्या मंडळींनी एकेका नवख्याचे धर्मपितृत्व पत्करावे, अशी आमची दुसरी सूचना आहे. हिशेब धर्मगुरूच्या हाती नसावा. तो निवडलेल्या मंडळींकडे असावा आणि वर्षातून एकदा मिस्सेनंतर सर्वांपुढे वाचला जावा. निर्णय धर्मग्रामसभेचा आहे, व तो आम्हांस शिरसावंद्य राहील.

सज्जा झाला नाही तरी मंदिर उभेच राहील. पुढच्या पन्नास वर्षांनी दुसरे कोणी या पानावर लिहील, तेव्हा आपल्या मुलांची नावे त्यास गावातील पाट्यांवर वाचावयास मिळावीत. केवळ परदेशातून आलेल्या शुभेच्छांच्या यादीत नव्हे. शिंग फुंकले गेले आहे. प्रभू आपणां सर्वांस ते ऐकण्याचे कान आणि शेजाऱ्यास हात देण्याचे बळ देवो.