जगन्नाथ सम्राट आणि अरबी मिजास्ती

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंक रस्त्यावर, सांगानेरच्या पुढे सीतापुरा हे औद्योगिक क्षेत्र वसले आहे. तेथील विशेष आर्थिक क्षेत्रातून रत्ने व दागिने परदेशी जातात. जयपूरच्या या जवाहिराच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी बहुधा जैन वा हिंदू, तर खड्यांना पैलू पाडणारे कारागीर पुष्कळ अंशी मुसलमान राहिले आहेत. एकाच दागिन्याला अनेक धर्मांच्या माणसांचे हात लागतात. परंतु एकत्र काम करणे निराळे आणि परधर्मीयांपुढे विद्यार्थी होऊन बसणे निराळे. हे दुसरे, अधिक अवघड काम सुमारे तीनशे वर्षांपूर्वी जयपूरच्याच राजाश्रयाने एका महाराष्ट्रीय पंडिताने केले.

१७२७ मध्ये जयपूर वसविणारे सवाई जयसिंह ज्योतिषाचे व्यासंगी होते. त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. त्यांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे वेदविद्येत वाढलेले ब्राह्मण. गणित आणि ज्योतिष यांतील मोलाचे ज्ञान अरबी-फारसी ग्रंथांत आहे हे जाणून ते त्या भाषा शिकले. युक्लिडच्या भूमितीचे अरबी रूप त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने पंधरा अध्यायांत संस्कृतात आणले, तर टॉलेमीचा महाग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने. हे दोन्ही ग्रंथ मूळचे ग्रीक होते आणि तेराव्या शतकातील नसीरुद्दीन तुसी या मुसलमान पंडिताने संस्कारित केलेल्या पाठांतून ते जगन्नाथांपर्यंत पोहोचले.

या दोन ग्रंथांच्या प्रास्ताविकांतील भेद मननीय आहे. ‘रेखागणिता’त जगन्नाथ सांगतात की हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला कथन केले होते, ते लुप्त झाले आणि जयसिंहांच्या आज्ञेने पुन्हा प्रकट केले. म्हणजे परक्याचे ज्ञान स्वीकारले, पण ते आपलेच मानून. ‘सम्राट्सिद्धान्ता’त मात्र ते स्पष्ट म्हणतात की ‘मिजास्ती’ नावाचा एक अरबी ग्रंथ आहे आणि ज्योतिष्यांना सुबोध व्हावा म्हणून तो संस्कृतात आणला आहे. येथे ऋण उघडपणे मान्य केले आहे. परमताबद्दलच्या आदराच्या या दोन पायऱ्या होत. घेणे ही पहिली आणि देणाऱ्याचे नाव सांगणे ही दुसरी. दुसरी चढायला मन अधिक मोठे लागते.

ज्ञान कोणाकडून घ्यावे याला जयसिंहांनी धर्माची सीमा घातली नाही. त्यांची ज्योतिषसारणी फारसीत लिहिली गेली आणि बादशहा मुहंमदशहाला अर्पण झाली. त्यांनी फिगेरेदो या ख्रिस्ती पाद्र्याबरोबर पोर्तुगालला माणसे पाठविली. तेथून आलेल्या युरोपीय सारण्या पडताळून पाहता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची तफावत आढळली. मग १७३४ मध्ये चंदरनगरहून दोन जेझुइट धर्मोपदेशक जयपुरास आले. ग्रंथ परधर्मीयाचा म्हणून टाकायचा नाही आणि प्रतिष्ठिताचा म्हणून तपासल्यावाचून मानायचाही नाही, ही त्यांची रीत होती.

हेच जयसिंह अश्वमेध करणारे, स्वधर्मनिष्ठ राजे होते. १७२० मध्ये जिझिया रद्द व्हावा यासाठी त्यांनी खटपट केली. पण याच राजांनी वैष्णव संप्रदायांना वर्णाश्रमाच्या चौकटीत बसविण्याचा आग्रहही धरला. दूरच्या परधर्मीयाचे शास्त्र आदराने अभ्यासणे त्यांना सोपे गेले. स्वधर्मातील वेगळा आचार सोसणे कठीण गेले. सहिष्णुतेची खरी कसोटी पुष्कळदा अशी घरातच लागते. शिवाय ती सहिष्णुता राजाच्या मर्जीवर अवलंबून होती. श्रद्धेचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरले ते १९५० मध्ये, भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने.

‘रेखागणित’ हा ग्रंथ पुढे १९०१-०२ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेतून छापला गेला. त्यातील काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त आज प्रत्येक मराठी शाळेत शिकविला जातो. फळ्यावर ती आकृती काढली जाते तेव्हा ग्रीक, अरब, इराणी आणि महाराष्ट्रीय अशा अनेकांची मेहनत वर्गात हजर असते. जगन्नाथ अरबी शिकूनही वैदिकच राहिले. दुसऱ्याचे समजून घेण्यासाठी स्वतःचे सोडावे लागले नाही. लागले ते परिश्रम आणि घेतलेल्या ऋणाचा प्रांजळ उच्चार. विद्यार्थ्यांना या दोन्हींची सवय लावणे हे शाळेचे काम आहे आणि ती सवय घरात टिकविणे हे पालकांचे.