दुखणाईताची बोली आणि दवाखान्याची भाषा

बुलढाण्याकडील एखादा शेतकरी दवाखान्यांत येऊन 'टोंगया दुखते' असें सांगतो, तेव्हां नव्या डॉक्टराची खरी परीक्षा सुरू होते. टोंगळा म्हणजे गुडघा, आणि वऱ्हाडी बोलींत 'ळ'चा 'य' होतो, हें त्याच्या इंग्रजी ग्रंथांत कोठेंहि लिहिलेलें नसतें.

दवाखान्याची भाषा व दुखणाईताची बोली यांतील हें अंतर जुनें आहे. १८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, तें इंग्रजी माध्यमाचें. १८५१ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. वैद्यक शिकणारास इंग्रजी तर आलेंच पाहिजे. शिवाय इंग्रजी संज्ञांचीं ग्रीक व लॅटिन मुळेंहि ओळखावीं लागतात. 'आयटिस' हा प्रत्यय आला कीं दाह समजावा. 'हेपाटायटिस' म्हणजे यकृताचा दाह, 'नेफ्रायटिस' म्हणजे मूत्रपिंडाचा. प्रत्ययांची ही किल्ली एकदां हातीं आली, म्हणजे शेंकडों शब्द आपोआप उलगडतात. संस्कृत व्याकरणाची ओळख असणारास ही रीत परकी वाटत नाहीं.

परंतु एवढें इंग्रजी येणारे थोडे आणि रोगी तर गांवोगांव. म्हणून १८६१ सालीं त्याच कॉलेजांत मराठी व गुजराती वर्ग उघडण्यांत आले. वऱ्हाडच्या विद्यार्थ्यांस जवळची सोय झाली ती १९१४ सालीं, नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाल्यावर. आणि खुद्द बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येण्यास २०२४ साल उजाडावें लागलें.

या काळांत इंग्रजी शब्द खेड्यापर्यंत पोंचले. कंपाउंडर, इंजेक्शन, ऑपरेशन हे आतां कोणासहि परके वाटत नाहींत. उलट दिशेची वाट मात्र ओसच राहिली. आपल्या भाषेंत ठणका निराळा, चमक निराळी, मुरडा निराळा. ठणका म्हणतांच पू धरलेलें गळूं आठवतें, मुरडा म्हणतांच आंतडें. परिचारिकेनें या तिहींबद्दल कागदावर 'पेन' एवढेंच लिहिलें, तर रोग्यानें दिलेली अर्धी साक्ष वाटेंतच हरवते, आणि तिची भरपाई पुढें तपासण्यांनीं करावी लागते.

इंग्रजी संज्ञा अवश्य शिकाव्या. त्यांच्याच योगें बुलढाण्याचा डॉक्टर लंडनच्या ग्रंथकाराचें म्हणणें जाणूं शकतो. मात्र ज्या वहींत त्या उतरावयाच्या, तिच्या दुसऱ्या रकान्यांत टोंगळा, ठणका व मुरडा हेहि शब्द लिहून ठेवावे. खाटेवरील म्हातारीशीं बोलतांना तोच रकाना उपयोगीं पडेल.